उन्हाळी वर्गाचा परवाना

रियाध, १६ जून २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की तुझा जावई अनिमेष दचकतो, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे.

आमच्या वसाहतीच्या, म्हणजे कंपाउंडच्या, हॉलमध्ये मी मुलांचा उन्हाळी वर्ग सुरू केला, हे तुला ठाऊक आहेच. सुरुवातीला मुलांच्या आया तिथेच बसत, म्हणून परवाना लागत नव्हता. तशी सूट आहे म्हणे. मग एकेक जण मूल सोडून कामावर जाऊ लागली. आता ती सूट आपल्याला नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

काल पाहणीला एक सौदी बाई आल्या. आया सोबत असतात का, असं त्यांनी विचारलं. शेजारची स्वप्नाली, माझ्याबरोबर शिकवते ती, पटकन म्हणाली, असतात की, आत्ताच चहाला गेल्यात. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून खरंच निघालं: नसतात, त्या कामावर जातात. खलास! वर्ग तिथल्या तिथे बंद.

स्वप्नालीने अबोला धरला आहे. त्याहून वाईट इस्मतचं वाटतं. ती लखनौची, इथे नर्स आहे. तिची आठ वर्षांची मुलगी आता दिवसभर घरात एकटी. अनिमेष म्हणतो, रीतसर परवाना काढ. तुला काय वाटतं?

बाबांना नमस्कार. लोभ आहेच, सध्या जरा जास्त असू दे.
तुझी,
मंजिरी

नाशिक, १९ जून २०२५

चि. सौ. मंजिरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. परक्या मुलखात सरकारी माणसं दाराशी! उद्या अनिमेषरावांच्या नोकरीला किंवा तिथे राहण्याच्या परवान्याला, त्या इकाम्याला, काही झालं म्हणजे? खोटं बोलली नाहीस, ते ठीकच. पण आता पुरे कर. आयांनाच आळीपाळीने बसू दे, म्हणजे कटकट नको.

बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, ती ऐकणार नाही, तू उगाच शाई संपवू नकोस. हा हट्ट माझ्या माहेरचा, असंही वर ऐकवलं.

उन्हात फिरू नकोस. जिवाला जप, आणि आईची काळजी वाढवू नकोस.
तुझी आई,
श्यामला

रियाध, १३ जुलै २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा बरोबर होते. आई, इस्मत आळीपाळीने बसणार कशी? तिला ड्युटी सोडता येत नाही. ज्यांना वर्गाची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच ही सूट उपयोगाची नाही. म्हणून मी परवान्याच्या मागे लागले.

जवळच फहाद नावाच्या गृहस्थांची नर्सरी आहे, सुट्टीत रिकामीच असते. त्यांनी उन्हाळी वर्गाचा परवाना मागायचा आणि वर्गाची प्रमुख मी, असं ठरलं. माझ्या कामाची परवानगी वेगळी काढली. आम्ही सगळ्या शिकवणाऱ्यांनी प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलं. स्वप्नालीसुद्धा आली, आणि बाहुलीच्या छातीवर दाब देता देता आमचा अबोला सुटला.

पाहणीला त्याच बाई आल्या. त्यांनी मागचं दार उघडून पाहिलं, खेळण्यांचं कपाट त्याच्या आड येतं म्हणून तिथेच हलवायला लावलं. मग फहादना अरबीत काहीतरी सांगितलं. त्या गेल्यावर ते हसून म्हणाले, बाई म्हणत होत्या, ही खोटं बोलून सुटू शकली असती, हिच्याकडे मुलं सोपवायला हरकत नाही.

परवाना मिळाला, आई! आज पहिला दिवस. इस्मतने मुलीला आणून सोडलं, दारात माझा हात घट्ट धरला, आणि एकदाही मागे न बघता ड्युटीवर गेली.

आता रागावली असशील तर राग सोड.
तुझी हट्टी,
मंजिरी

नाशिक, ३० जुलै २०२५

चि. सौ. मंजिरीस,
अ. उ. आ.

राग कसला! तुझं पत्र बाबांनी दोनदा मोठ्याने वाचायला लावलं, आणि दोन्ही वेळा त्यांचा चष्मा पुसून झाला.

काल समोरच्या घरी त्यांच्या सुनेची मंगळागौर होती. तिथे एकीने विचारलं, तुमची मंजिरी सौदीत काय करते? इतकी वर्षं मी, जावई इंजिनियर आहेत, असंच उत्तर देत आले. काल म्हणाले, मुलांचा उन्हाळी वर्ग चालवते, सरकारी परवाना मिळवून. मग सगळं साग्रसंगीत सांगितलं, फुगड्या थांबल्या तरी माझं सुरूच होतं.

जावई काय करतात, हे सांगायचं राहूनच गेलं. अनिमेषरावांना माझ्या वतीने समजाव.
तुझी आई,
श्यामला