तीनशे सतरा वेळा आवतन

ती. प्रेमानंददादाले,

धाकट्या गोपिकेचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खुर्चीत बसूनच, कंबर धरली आहे.) वहिनीचा गुडघा कसा आहे? तुझा फोन कसा आहे, हे विचारायची मात्र हिंमत होत नाही.

दादा, राग थुंकून टाक अन् आधी ऐकून घे. इथं सदर मोहल्ल्यात 'सगळ्यांसाठी प्रोग्रॅमिंग' असा फुकट वर्ग निघाला. आपल्या भाषेत शिकवतात, वयाची अट नाही, गणितही लागत नाही. फुकट म्हटल्यावर मी कायची मागं राहते! शिकवणारी ऋतुजा आपल्या रोशनीएवढीच पोरगी. म्हणे, काकू, कॉम्प्युटर सांगितलं तेवढंच करतो, उलटून बोलत नाही. मी म्हटलं, बाप्पा! आमच्या घरात असा एकही नाही, शिकवच मले.

अन् मनात होता तुझा रुसवा. साक्षगंधाचं आवतन साऱ्यांले एकाच मेसेजात गेलं, सख्ख्या मामाले वेगळं विचारलं नाही, म्हणून तू रोशनीच्या लग्नालेही येत नाही म्हणतो. (चूक माझीच. पण त्या दिवशी मी मांडववाल्याशी भांडून राहिली होती.) मग मी पहिलाच प्रोग्रॅम तुझ्यासाठी लिहिला: दादाले दर दहा मिनिटांनी विचार, 'लग्नाले येशील ना?' अन् तो 'येतो' म्हणेपर्यंत विचारत राहा. ऋतुजानं टोकलंही, काकू, ते 'नाही' म्हणाले तर? मी म्हटलं, पोरी, आपल्याकडं पहिलं 'नाही' कोणी मनावर घेते का? पाहुणा 'पुरे' म्हणते अन् आपण पोळी वाढतो.

सोमवारी सकाळी सुरू केला. तू 'पाहू' लिहिलं, मग 'जमलं तर', मग 'काहून डोकं खाऊन राहिली वं?' त्याच्यानंतर जे लिहिलं ते रोशनीनं मले वाचूच दिलं नाही. प्रोग्रॅम बिचारा विचारतच राहिला. आज बुधवार दुपारपर्यंत तीनशे सतरा वेळा झालं. तू फोनच बंद केला, म्हणून हे पत्र शेजारच्या मीराबाईच्या हाती उमरेडच्या बसनं धाडून राहिली. आता तूच सांग गा, एवढं वेगळं आवतन कोणत्या मामाले मिळालं?

तुझी (अजून तरी) लाडकी,
गोपिका

ता.क. फोन चालू करून फक्त 'येतो' एवढं लिही. प्रोग्रॅम आपोआप थांबते.

ता.क. आणखी एक. खोटं कशाले बोलू? तो बंद कसा करायचा, हे ऋतुजानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी केला नाही, करणारही नाही. मामानं हात धरल्याशिवाय मांडवात पाय ठेवत नाही, असं रोशनी म्हणून बसली आहे, अन् हट्टात पोरगी तुझ्यावरच गेली आहे.