दुसऱ्या डिस्कवरून मशीन एकदा तरी सुरू करून पाहण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
जाम-कन्हान सेवा मंडळ रक्तपेढी,
पांढुर्णा (मध्य प्रदेश)

विषय : सर्व्हर दुसऱ्या डिस्कवरून खरोखर सुरू होतो की नाही, हे माझ्यासमक्ष तपासणेबाबत.

संदर्भ : १) माझे दि. ८ सप्टेंबर व ६ ऑक्टोबरचे अर्ज (हिंदी).
२) सोमवारच्या नोंदवहीत सही न केल्याबद्दल आज आपण केलेली तोंडी विचारणा.

महोदय,

मागील दोन्ही अर्ज हिंदीत होते व त्यांचे उत्तर आले नाही. भाषेची अडचण झाली असावी अशी शंका आल्याने हा अर्ज मराठीत करीत आहे.

१. आपल्या युनिक्स सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत. पहिलीवर जे लिहिले जाते ते त्याच वेळी दुसरीवरही लिहिले जाते, यास मिररिंग म्हणतात. पहिली बंद पडल्यास मशीन दुसरीवरून सुरू व्हावे, हा हेतू. दर सोमवारी "मिररिंग ठीक" असे लिहून सही करणे हे संगणक चालक म्हणून माझे काम. माझ्या आधीचे चालक श्री. केशवराव धोटे यांनी निवृत्त होताना मला तपासणी शिकवली ती अशी : "दोन्ही दिवे हिरवे हायेत का, पाह्य. असले तर सही कर. जास्त डोकं लावू नको." सहा वर्षे मी डोके लावले नाही, हे येथे कबूल करते.

२. ऑगस्टअखेर मशीनची पुस्तिका वाचली आणि झोप उडाली. हिरवा दिवा एवढेच सांगतो की डिस्कला वीज मिळते. स्क्रीनवरील "सिंक" एवढेच सांगते की माहिती दोन्हीकडे सारखी आहे. परंतु मशीन उठताना जो छोटासा भाग सर्वांत आधी वाचते, तो मिररिंगने आपोआप जातोच असे नाही. तो वेगळा लिहावा लागतो. आपल्याकडे लिहिला आहे काय? कोणालाच माहीत नाही. सुरू होण्याच्या यादीत मला एकाच डिस्कचे नाव दिसते. घर सामानाने भरलेले आणि किल्ली कोणाजवळच नाही, असा प्रकार असावा असा मला दाट संशय आहे.

३. यावर कंपनीचे नागपूरचे इंजिनिअर श्री. ऋषिकेश यांचे प्रमाणपत्र मला दाखवण्यात आले. "दुसऱ्या डिस्कवरून मशीन सुरू करून पाहिले, ठीक आहे," असे त्यात लिहिले आहे. तारीख २३ ऑगस्ट २०२५. महोदय, तो पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे गोटमारीचा. त्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून दगडफेक होऊन शेकडो डोकी फुटतात व आपल्या पेढीत श्वास घ्यायला उसंत नसते. सकाळी नऊ ते सायंकाळी सात रक्ताच्या पिशव्या जात होत्या व प्रत्येकीची नोंद मी स्वतः याच मशीनवर केली. दोन नोंदींतील सर्वांत मोठे अंतर अकरा मिनिटे आहे. मशीन बंद करून पुन्हा उठवायला पंचवीस मिनिटे लागतात. शिवाय मशीन स्वतःच सांगते की ते आज अकराशे सत्त्याऐंशी दिवस एकदाही बंद झालेले नाही. बंदच झाले नाही ते सुरू कसे करून पाहिले? हे मी श्री. ऋषिकेश यांना फोनवर विचारले असता ते म्हणाले, "मॅडम, सिंक होऊन राहिलं ना? मग कायले शक करता?" त्यानंतर ते माझा फोन उचलत नाहीत. यात कुठेतरी पाणी मुरते आहे.

४. दरम्यान पहिल्या डिस्कवर चुकांची नोंद सुरू झाली आहे. सप्टेंबरात दोन, ऑक्टोबरात नऊ, या महिन्याच्या दहा दिवसांत चौदा. तरीही तपासणीस तोंडी नकार मिळाला. कारण असे की, मशीनला अखंड बाराशे दिवस पूर्ण होत असल्याने दि. २३ रोजी मंडळातर्फे त्याचा सत्कार आहे, हार-नारळ सांगून झाले आहेत, तोवर ते बंद करता येणार नाही. सत्कारमूर्ती उठू शकते की नाही, हे सत्काराआधी पाहावे, असे मला नम्रपणे वाटते.

५. माझ्या स्वभावाबद्दल कार्यालयात जे बोलले जाते ते माझ्या कानावर आहे. म्हणून खरे कारणही लिहिते. माझी मुलगी श्रुती, वय नऊ, हिला सिकलसेल आहे. वारंवार रक्त घेतल्याने तिला आता कोणाचेही रक्त चालत नाही. आपल्या चार हजार दात्यांपैकी सहा जणांचे चालते. ती सहा नावे फक्त या मशीनमध्ये आहेत. टेपवरची प्रत वाचायलाही हेच मशीन लागते. कंपनी म्हणते, मशीन पडले तरी माहिती सुरक्षित आहे, पंधरा दिवसांत काढून देऊ. श्रुतीची तारीख १९ नोव्हेंबर आहे. तिला पंधरा दिवस थांबता येत नाही. मला भीती वाटते, महोदय.

६. दात्याचे नाव रुग्णाच्या घरच्यांना कळू नये, असा आपला नियम आहे. माझ्याजवळ सहा वर्षांपासून पासवर्ड आहे. श्रुतीच्या दात्यांचे पान मी एकदाही उघडलेले नाही. कोणते पान कोणी उघडले याची नोंद मशीन ठेवते, ती पाहावी.

सबब विनंती की, रविवार दि. १६ रोजी सकाळी एक तास मशीन बंद करून, पहिली डिस्क काढून, ते दुसरीवरून सुरू करून पाहण्याची परवानगी द्यावी. उठले तर मी सर्वांची जाहीर माफी मागेन आणि सोमवारी आनंदाने सही करीन.

परवानगी न मिळाल्यास सोमवार दि. १७ रोजी कार्यालय उघडताच मी ते पान उघडून सहा नावे व फोन नंबर वहीत उतरवून घेईन. हा नियमभंग आहे व तो मी जाणूनबुजून करणार आहे, हे आधीच लेखी कळवते.

श्रुतीसारख्या आणखी अकरा मुलांच्या दात्यांची नावेही फक्त याच मशीनमध्ये आहेत. त्यांच्या आयांजवळ पासवर्ड नाही, म्हणून हा अर्ज आहे.

आपली नम्र व आजपर्यंत नियमात राहिलेली,

(सही)
सौ. तेजस्विनी खवसे
संगणक चालक
पांढुर्णा, दि. १० नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) दि. २३ ऑगस्टच्या नोंदींची प्रत, वेळेसह.
२) त्याच तारखेच्या प्रमाणपत्राची प्रत.
३) पहिल्या डिस्कवरील चुकांची यादी.
४) कारणे दाखवा नोटिशीचे माझे उत्तर (नोटीस निघाल्यावर तारीख घालून घ्यावी).