दुप्पट डोस

१२ ऑगस्ट १९९६
डोकं फिरलंय. चार महिने बटाट्याच्या कोंबांवर राबून डोस बसवला. कोंब फुटायचं हार्मोन एवढंसं टाकलं तर बाटलीत रोप सरळ येतं, मुळं धरतं. आज लॅबचे सर म्हणले, "बाई, दुप्पट टाका. मालकाला दिवाळीआधी रोपं पाहिजेत, जल्दी." म्हणलं, सर, कोंब ढीगभर फुटतील, मुळं धरणार न्हाईत. "तुम्ही शिकवणार मला?"
मंग टाकलं. माझ्याच हातानं तोललं, रजिस्टरात लिहिलं.

५ सप्टें.
बाटल्या गच्च. मालक खूश, पेढे. सरांनी बाटली हातात धरून फोटो काढून घेतला. पानं काचेसारखी, चिमट्यात धरलं की पाणी सुटतं. बाटल्या धुणाऱ्या सरूबाई म्हणल्या, "ताई, हे तर सूज आल्यावानी दिसून राह्यलं." सगळ्या लॅबमधी त्यांना एकट्यांना दिसलं!

२० सप्टें.
सोमवारी रोपं ट्रेमधी लावून सावलीच्या जाळीखाली नेल्ती, पाणी घालायला सरूबाई. आज सगळी आडवी. एकालाही धड मूळ न्हाई. शहागडच्या शेतकऱ्यांना जायची होती, रानं तयार करून बसलेत ते. मालकासमोर सर बिनदिक्कत: "सरूबाईनं पाणी जास्त घातलं." आठ वर्षं राबलेल्या बाईला "उद्यापासून येऊ नका". त्या माझ्याकडं बघत राहिल्या.
तीर्थपुरीच्या आमच्या वस्तीतली पहिली एम.एस्सी. मी, आणि दातखीळ बसली. थू.

२२ सप्टें., रविवार
मस्तगडला सरूबाईंच्या घरी गेल्ते. आत या म्हणल्या न्हाईत. "पाणी तुमी सांगितलं तेवढंच घातलं का न्हाई?" म्हणलं, हो. "मंग तवा तोंडात काय धरलं होतं?"
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. येताना रिक्षावाल्यावर उगंच ओरडले.

२४ सप्टें.
सरांना म्हणलं, मालकाला खरं सांगा. त्यांनी शांतपणे रजिस्टर उघडलं. "अक्षर कोणाचं? सही? मी सांगितल्याचं कुठं लिहिलंय?" वर, "तुमच्या लोकांना इथं घेतलं हेच…" वाक्य अर्धं सोडलं. अर्धंच पुरलं.

२८ सप्टें., शनिवार
मालकाच्या हातात कागद दिला. तारखा, दोन्ही डोस, सांगणारा कोण, तोलणारी कोण. मी गप्प बसले हेही. उभ्याउभ्या वाचला.
"म्हणजे चूक तुमचीबी."
होय.
"मंग तुम्हाला तरी ठेवायचं कशाला?"
म्हणलं, नका ठेवू. पण सरूबाईंना बोलवा. अन् शहागडला खरं कारण कळवा.
त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "सोमवारी या."
कशाला या, ते सांगितलं न्हाई.
सरूबाईंना सांगावं म्हणून मस्तगडच्या रस्त्याला लागले, अर्ध्यातून वळले. काय सांगू? माझा राग उतरला न्हाई अजून. सोमवारपर्यंत उतरू नये, एवढंच.