घाटाखालची बादली

३ फेब्रुवारी १९४३, वाशीम
आज मेडशीच्या घाटात लारी पुन्हा थरथरली. ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात नाचते, सोडला की गप्प. मागे कापूस. शेजारी मालक, बापूसाहेब देशमुख. म्हणाले, "तुह्या पायालेच थंडी वाजून राह्यली काय रे?" मागे क्लीनर गणपतकाका हसले. लारी जुनी, मी नवा. दोष माझ्या पायाचा.

५ फेब्रु.
सकाळी रिकामी लारी रिसोडच्या रस्त्याला नेली. सपाटीवर वेगात पायाचा ब्रेक लावला: थरथर. मग नुसता हातब्रेक, तो मागच्याच चाकांना लागतो: काही नाही. म्हणजे रोग पुढच्या चाकांत. नट घट्ट, टायर ठीक. ओझे नव्हते, घाट नव्हता, तरी थरथर. मग माझा पाय कुठे आला यात?

६ फेब्रु.
पुढची चाके एकेक करून जॅकवर उचलली. ब्रेकच्या पट्ट्या चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला जेमतेम टेकतील इतक्या आवळल्या आणि चाक हाताने फिरवले. डावे सारखे घासत फिरते. उजवे दर फेरीत दोन ठिकाणी अडते, मधे मोकळे. ड्रमची गोलाई गेली आहे.
गणपतकाकांना फिरवून पाहायला लावले. "अडते खरं. पण बाबू, एवढं लोखंड वाकडं काहून होईल?"
तेच कळत नाही. आणि उजवेच का?

९ फेब्रु.
अकोल्यात नवा ड्रम नाही, लढाईमुळे मालच येत नाही. शेवटी कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या मिस्त्रींनी जुनाच लेथवर कातून गोल करून दिला. म्हणाले, "आता पातळ झाला. पुन्हा कातायले जागा नाही, सांभाळ."

१० फेब्रु.
घाट उतरलो. स्टिअरिंग स्थिर.
खाली ओढ्याशी रीतीप्रमाणे थांबलो. मालकांचा दंडक आहे, घाट उतरला की चाकांवर पाणी ओतायचे. काका पूर्वी त्यांच्याच दमणीचे गाडीवान, बैलांना इथेच पाजायचे. आता लारीला पाजतात. ओढा उजव्या हाताला, म्हणून पहिली बादली नेहमी उजव्या पुढच्या चाकावर. आज चर्र आवाज झाला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. तापल्या तव्यावर गार पाणी ओतू नये, तो वाकतो, हे माझ्या आईला कळते.
"काका, थांबा."
मालक म्हणाले, "वत रे गणपत."
काकांनी ओतले. परतताना थरथर पुन्हा हजर.

११ फेब्रु.
मालकांना ओसरीवर जाऊन सांगितले. बसा म्हणाले नाहीत.
"माह्या बापानं जलमभर त्या ओढ्यावर बैल पाजले. एक मेला नाही."
"ते बैल होते, बापूसाहेब."
"मंग तू कोन? लोखंडाचा डाक्टर?"
ओसरी हसली. दुपारी चाक उतरवले. ड्रमला केसाएवढी चीर, घाटात जोराने ब्रेक दाबला तर फुटेल. तसाच उचलून मालकांना दाखवायला नेला. म्हणाले, चष्मा आत आहे. आणवला नाही.

१३ फेब्रु.
उद्या मालकांच्या पुतण्याचे वऱ्हाड. हीच लारी, हाच घाट. बाया, लेकरे, म्हाताऱ्या. मी सांगितले, या ड्रमवर माणसे नेणार नाही.
मालक शांतपणे म्हणाले, "नको नेऊ. गणपत नेईल."
काकांनी जन्मात बैलांपलीकडे काही हाकले नाही! एवढ्या जिवांपेक्षा यांचा शब्द मोठा.

१३, दिवेलागण
काका घरी आले होते. म्हणाले, "मले मालकाले नाही म्हनता येत नाही रे. तूच चाल. बादली मी घरी इसरून येतो."
बादली आणि उद्याचा घाट यांचा आता काय संबंध? चीर पडायची ती पडली. पण त्यांना हे बोललो नाही. जातो म्हणालो.
ठरवले आहे. घाटाच्या माथ्यावर लारी थांबवायची. सगळे वऱ्हाड खाली उतरवायचे, त्यांनी पायी यायचे. मी रिकामी लारी पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला न शिवता उतरवीन. बाया उतरतील. नवरदेव उतरेल, समजूतदार आहे. बापूसाहेब पुढच्या सीटवरून उतरतील का, सांगता येत नाही. ते बसून राहिले तर मीही किल्ली खिशात घालून शेजारी बसून राहणार. मुहूर्त त्यांच्या घरचा आहे, माझ्या नव्हे.