मदत आणायला गेलो तेव्हा

मंगळवार, १० ऑक्टोबर

रविवारी अभयारण्यात दिवसभर पायी फिरायचं ठरलं. चौघं जण. मी, बायको, बन्या आणि काटेकोर. बन्या शाळेपासूनचा मित्र. बेकरी चालवतो आणि स्वतःही बनपावासारखाच गोल आणि मऊ आहे. काटेकोर घड्याळं दुरुस्त करतो आणि दुसऱ्या कुणाचं घड्याळ बरोबर आहे असं त्याला कधीच वाटत नाही.

लीडर मी. तसं कुणी म्हटलं नाही, पण अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात. पडद्यांचं दुकान एकट्याने चालवणाऱ्याला एक पायवाट काय जड आहे?

संकल्प : आजपासून लिफ्ट बंद. जिने चढून सराव.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

जिने चढलो. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट रिकामी उभी होती. वीज फुकट जाते म्हणून बसलो.

अभयारण्याचं माहितीपत्रक वाचलं. वाचायला नको होतं. आत रानडुकरं आहेत. ‘प्राणी आपल्यापेक्षा जास्त घाबरतात’ असं छापलंय. कुणाला विचारून छापलं?

शनिवार, १४ ऑक्टोबर, संध्याकाळ

दुपारपासून कणकण. थर्मामीटर नॉर्मल दाखवतोय. जुना झालाय. बायकोला म्हटलं, बेत पुढे ढकलूया का, माझ्यामुळे सगळ्यांचा मोडायला नको. ती म्हणाली, मोडत नाही, तुम्ही पडून राहा, आम्ही तिघं जाऊन येतो.

ताप उतरला.

रविवार, १५ ऑक्टोबर, सकाळी आठ

गेटवर. तिकीट देणाऱ्या बाईंनी बजावलं की पिवळ्या खुणा सोडून जाऊ नका. गेटला कुलूप नाही. म्हणजे आतलं काहीही बाहेर येऊ शकतं. याकडे कुणाचंच लक्ष नाही.

साडेनऊ

विश्रांती. आत्तापर्यंत पुढे काटेकोर, मग बायको, मग बन्या, शेवटी मी. लीडर मागे असला की सगळ्यांवर नजर राहते. मग लक्षात आलं, प्राणी मागूनही येतात. मध्ये आलो.

घाबरलेलो नाही. सावध आहे.

अकरा

फाटा फुटला. पिवळ्या खुणांची वाट दाट झाडीत शिरते. डावीकडची उघड्या माळावरून जाते, समोरून काय येतंय ते लांबून दिसतं. मी म्हटलं, डावीकडचा शॉर्टकट आहे. काटेकोरने विचारलं, तुला कसं माहीत? म्हटलं, अनुभव. तो आणि बायको खुणांच्या वाटेने निघून गेले. बन्या दोन्हीकडे बघत उभा राहिला, मग म्हणाला, “चल बाबा. तुला एकट्याला कसं सोडायचं!”

वेळ माहीत नाही

मी पक्षी बघायच्या लाकडी मनोऱ्यावर आहे. एका हाताने खांब धरलाय, दुसऱ्याने लिहितोय. लिहिलं की खाली बघावं लागत नाही.

झालं असं. माळ संपला आणि डोक्याइतकं उंच गवत सुरू झालं. बन्याचा पाय खड्ड्यात गेला. कट्ट असा आवाज आला. तो मटकन खाली बसला, म्हणाला, “हाडच गेलं रे बहुतेक.” तेवढ्यात गवतात काहीतरी खसखसलं. काळं. मोठं.

मदत आणायला कुणीतरी जायलाच हवं होतं. बन्याला चालता येत नव्हतं, म्हणजे मीच. काम तातडीचं असल्यामुळे पळत गेलो. मागून बन्या ओरडत होता. शब्द नीट कळला नाही. “थांब” असावा. किंवा “लांब”.

मोबाइलला रेंज नाही.

थोड्या वेळाने

खाली काहीतरी आलंय. गवत हलतंय. श्वास ऐकू येतोय, जड, धापा टाकल्यासारखा. मध्येच गुरगुरतं. ओरडायला तोंड उघडलं तर नुसती हवा आली.

बन्या तिथे एकटा बसलाय. हे आधी त्याच्याकडे जाऊन आलं असेल तर?

हे लिहायला नको होतं.

डबा फेकला. पाण्याची बाटली फेकली. काहीच उरलं नाही म्हणून पायातला बूट काढून फेकला. बूट लागला.

प्राणी म्हणाला, “आई गं!”

सोमवार, १६ ऑक्टोबर

तो बन्या होता. मोडक्या पायाने, एका फांदीवर भार देत माझ्यामागे आला होता. पुढे दलदल असल्याचा बोर्ड त्याने पाहिला होता. मी पाहिला नाही. पळताना बोर्ड वाचता येत नाहीत. मी त्या चिखलात रुतेन या भीतीने तो ओरडत होता. गवतातलं ते काळं म्हणजे पाणकोंबडी होती म्हणे, पिल्लांना घेऊन चाललेली. पिल्लं बरोबर असली की आई फार आक्रमक असते, हे मी सगळ्यांना सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

बन्याची हाक ऐकून बायको आणि काटेकोर आले. दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून गेटपर्यंत आणलं. वाट मोकळी आहे ना ते बघायला मी पुढे चाललो. एका बुटात.

घोटा मोडलाय, प्लॅस्टर घातलं. कपाळावर टेंगूळ आहे, पण ते उतरेल.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “भाऊजींना तिथे सोडून गेलात?”

म्हटलं, मदत आणायला.

“मनोऱ्यावर?”

बुधवार, १८ ऑक्टोबर

बन्याकडे गेलो. काय बोलायचं ते रस्त्यात पाठ केलं होतं. पलंगावर, पायाखाली उश्या घेऊन पडला होता. मी म्हटलं, मला वाटलं तू डुक्कर आहेस. सुरुवात चुकली.

तो हसला. बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, “पळालास त्याचं काही नाही रे. मीही पळालो असतो. फक्त एकदा वळून बघायचं होतंस.”

पळताना वळून बघितलं की माणूस धडपडतो, असं सांगणार होतो. त्याऐवजी आणखी एक बिस्किट घेतलं.

रविवार, २९ ऑक्टोबर, दुपार

सगळे पुन्हा अभयारण्यात गेलेत. बन्यासुद्धा. काल त्याने स्वतः फोन केला. म्हणाला, “मी तळ्याकाठी गाडीतच बसणार आहे. तूही बस माझ्याशेजारी. हवं तर काचा वर करू.” मी म्हटलं, जमणार नाही, दुकानात नवा माल लावायचाय. रविवारी दुकान बंद असतं हे त्याला माहीत आहे. तो “बरं” म्हणाला.

बायको सकाळीच गेली. माझं जेवण झाकून ठेवलंय.

घरात शांतता आहे. शांतता मला आवडते. फ्रीज मधूनमधून गुरगुरतो, मग एकदम गप्प होतो. गप्प झाल्यावर जास्त वाईट वाटतं. सगळ्या खोल्यांतले दिवे लावलेत. दाराची कडी पुन्हा एकदा बघून आलो.

बाहेर लख्ख ऊन आहे. सगळे परत कधी येणार, हे विचारायचंच राहिलं.