आई गोळी गिळत नाही

प्रिय अक्का,

आईनं आज टीबीची गोळी थुंकली. भांडी विसळताना मला ती मोरीत सापडली, अर्धी विरघळलेली. म्हणून लिहितोय. दुसऱ्या कुणाला लिहू?

तुझं ऑफिस बंद झालं. परदेशातून येणारा पैसा थांबला, एवढंच आम्हाला कळलं. औषधं सरकारी दवाखान्यात अजून मिळतात. पण घरी येऊन समोर बसणारं माणूस गेलं. तुझ्यानंतर संस्थेची सुरेखा यायची. शेवटच्या दिवशी ती आईच्या पाया पडली आणि रडली. आई तिला म्हणाली, "रडतीस कशाला? मी कुटं बरी व्हणार हाय?"

तू असतीस तर तिला असं बोलू दिलं असतंस का?

संस्थेनं थुंकी तपासायचं नवं यंत्र आणलं, आणि कुर्डुवाडी, केमसारख्या लांबच्या गावांहून येणाऱ्या पेशंटांना गाडीभाडं दिलं. ते सगळं खरंच. पण मला त्यांचं एकच शहाणपण मोठं वाटायचं. टीबीतून उठलेल्या बाईला त्यांनी टीबी झालेल्यांच्या घरी पाठवलं. साध्या औषधांना दाद न देणारा टीबी तू पचवला होतास. दारात उभी राहून म्हणायचीस, "मला बगा की. मी हितं उभी हाय न्हवं?"

आता तू उभी नाहीस. त्याचं काय करू?

"सुनीनं सगळ्या गोळ्या खाल्ल्या," आई तुझ्याबद्दल म्हणते. "ऱ्हायली का?"

"आई, ती टीबीनं नाही गेली. न्यूमोनिया झाला. फुफ्फुसं आधीच कमजोर होती."

"मग ती फुफ्फुसं कुणी खाल्ली हुती?"

मी कॉलेजात मराठी शिकवतो, अक्का. तरी त्या गोळ्यांनी तुला कितीतरी वर्षं दिली, हे मला नंतर सुचलं. तोवर तिनं भिंतीकडे तोंड केलं होतं.

आणि तू तरी खोकला का लपवलास? दुसऱ्यांच्या गालात लपलेली गोळी शोधणारी तू! आम्हाला म्हणालीस, धूळ गेली घशात.

मिश्री लावणाऱ्या बायका गोळी गालात सारतात, हे तुला ठाऊक होतं. तोंड उघडा म्हटलं की त्यांना अपमान वाटतो, हेही. म्हणून तू त्यांना उखाणा घ्यायला लावायचीस; गालात गोळी असली की बोल अडखळतोच. सोलापूरच्या पूर्व भागातली ती चादरवाल्यांची सून आठवते? "सोलापुरी चादरीला काठ लावला निळा, नरसय्यांचं नाव घेते, मोकळा झाला गळा!" सगळी चाळ हसली होती. मुख्य कचेरीतून आलेल्या गोऱ्या बाई हे बघून हरखल्या. तू त्यांनाही नाव घ्यायला सांगितलंस. दुभाषा कानाशी लागून म्हणाला, यांचा घटस्फोट झालाय. तू म्हणालीस, "मग कुत्र्याचं घ्या म्हनावं." पुढं त्यांनी दुसऱ्या देशांतल्या प्रशिक्षणातही सांगितलं म्हणे, गोळी दिल्यावर रुग्णाला बोलतं करा. कुठल्या कुठल्या गावांत कोण कोण बोलतं झालं असेल!

विधवा बायकांना तू नवऱ्याचं नाव घ्यायला लावत नव्हतीस. त्यांनी लेकरांची नावं घ्यायची. आईला तू तीच सवय लावलीस. गोळी, पाणी, मग "सुनंदा, दत्ता." रोज. ती लाजायचीही.

आज मी तसंच विचारलं. "लेकरांची नावं घे."

"दत्ता," ती म्हणाली.

"आणि?"

तिनं तोंड मिटलं. मी पुन्हा विचारलं. ती उठून मोरीकडे गेली. मला वाटलं, चूळ भरायला.

गोळी सापडल्यावर मी ओरडलो तिच्यावर. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. असा खंड पडत राहिला तर ही औषधंही लागू पडणार नाहीत, आणि पुढचं औषध त्यांच्याकडे नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"वरडू नगं दत्त्या," ती म्हणाली. "मुद्दाम न्हाय करत. तिचं नाव तोंडात आलं की घसाच मिटतोय."

मी तिच्या शेजारी बसलो. पाठीवरून हात फिरवला. तिची पाठ हाताला किती हाडकुळी लागते! तुझीही आजारात अशीच लागायची.

मला हे काम येत नाही, अक्का. तू हजारदा केलंस, आणि मला एकदाही शिकवलं नाहीस. तुझ्या त्या बाकीच्या पेशंटांसमोर आता कोण बसत असेल?

उद्यापासून मी तिला नावं विचारणार नाही. गोळी दिली की माझ्या बेचव आमटीबद्दल विचारीन. आमटीला ती शिव्या देईल, त्या तिच्या घशात अडत नाहीत. ती बरी होईल असं वचन मी देऊ शकत नाही. ती रडेल, भिंतीकडे वळेल, मला कॉलेजला उशीर होईल. गोळी पोटात गेल्याशिवाय मी तिच्यासमोरून उठणार नाही. एवढंच वचन आहे माझ्याकडे. ते घे.

तुझा,
दत्ता