पंच्याण्णवच्या पुढे

३ मार्च, सोमवार

ठक्क! आज परत तेच. पाण्याच्या टाकीखालचा उतार उतरताना सायकलचा पुढचा फोर्क, धक्के झेलणारा, पार तळाला जाऊन आदळला. मनगटापासून दातांपर्यंत सगळं हललं. जीभ चावली गेली, अजून ठणकतेय.

जेवताना दादाला सांगितलं. मान वर न करता म्हणाला, "फोर्कला काही झालेलं नाही. चार वर्षं मी चालवली ती सायकल. एकदाही आदळला नाही." मग वहिनीकडे बघून हळूच — "आता काय म्हणायचं!"

म्हण ना. एकशे आठ किलो म्हण. माझं वजन काही गुपित नाही. मी दारातून आत आले की कळतंच.

वहिनी हसली नाही. आई मात्र लगेच — "अगं, त्यानं स्वतःची सायकल दिली तुला. दिलेल्या वस्तूत खोट काढू नये." स्वतःची सायकल! माळ्यावर पडून होती, चाकात कोळ्यांनी बिऱ्हाड थाटलं होतं. त्याला नवी आली तेव्हा ही मला मिळाली. देतानाचे शब्दही पाठ आहेत — "घे, थोडं वजन तरी उतरेल."

वजन उतरवायला नाही चालवत मी. उतार उतरायला चालवते.

५ मार्च, बुधवार

दुपारच्या सुट्टीत सायकल घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. मिस्त्रीने सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत सायकलकडे.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका —"

असं म्हणणारा माणूस पुढे वाईट वाटण्यासारखंच बोलतो. बोललाच. "ही गाडी तुमच्यासाठी नाही. आधी थोडं वजन कमी करा, मग या."

मी म्हटलं, "मी चष्म्याच्या दुकानात काम करते. आधी डोळे सुधारून या, मग चष्मा देते, असं आजवर एकाही गिऱ्हाइकाला म्हटलेलं नाही."

बाकावर बसलेला एक म्हातारा फिस्सकन हसला. मिस्त्रीचे कान लाल झाले! पण मग तो खाली बसला. फोर्कच्या एका पायावर चिकटवलेला स्टिकर हाताने पुसला. बारीक अक्षरात कोष्टक — चालवणाऱ्याचं वजन किती आणि आत हवा किती. एवढे दिवस मला वाटत होतं ती नक्षी आहे. हा फोर्क हवेवर चालतो हेच मला माहीत नव्हतं! आत स्प्रिंग नाही, कोंडलेली हवा आहे, आणि ती प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे भरायची असते.

त्याने हवा मोजायचा काटा लावून पाहिला. दादाच्या वजनाची हवा! त्रेसष्ट किलोची! म्हणजे फोर्क बिघडला नव्हता. मीही बिघडलेली नव्हते. हवा दुसऱ्याची होती, एवढंच.

"मग माझ्या वजनाची भरा."

त्याने कोष्टकावरून बोट खाली खाली नेलं. पन्नासला सुरू, पंच्याण्णवला खलास. पुढे नुसता काळा रंग.

"का हो, पंच्याण्णवच्या पुढे माणसं संपतात का?"

"कंपनीने दिलंय तेवढंच, ताई. मी कुठून आणू?"

६ मार्च, गुरुवार

फोर्कचा पंप मागवला. छोटा, काटा असलेला. दादाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात!

९ मार्च, रविवार

कोष्टक नसलं म्हणून काय झालं? मोजता तर येतं.

त्याचं असं आहे — फोर्कच्या चकचकीत नळीवर एक रबरी कडी असते. ती खाली सरकवायची, सायकलवर हळूच बसायचं, उड्या न मारता, आणि तसंच हळूच उतरायचं. कडी किती वर सरकली ते मोजायचं. फोर्क पूर्ण दबला की बारा सेंटिमीटर जातो. नुसतं बसल्यावर त्याचा चौथा हिस्सा जायला हवा, म्हणजे तीन. हे मी शोधून वाचलं. वाचता येतं मला!

पण बसल्यावर सायकल धरणार कोण? मागच्या अंगणात भिंतीला टेकवून पाहिली, घसरली. वहिनी कपडे वाळत घालत होती. थोडा वेळ माझी फजिती पाहिली, मग आली आणि पुढचं चाक दोन गुडघ्यांत गच्च धरून उभी राहिली.

"बसा ताई."

"पेलेल का?"

"तुम्ही बसा हो!"

पहिल्यांदा — सहा सेंटिमीटर. नुसतं बसूनच अर्धा फोर्क संपलेला! मग खड्ड्याने करायचं काय? हवा भरली. पाच. पुन्हा भरली. चार. पंप काढताना फुस्स झालं आणि माझा जीव खालीवर, सगळी गेली की काय! गेली नव्हती. ती पंपाच्या नळीतली होती.

पंपावरचा काटा एकशे पंधरावर आला आणि वहिनीने पट्टी लावली. तीन! चोख तीन! फोर्कवर जास्तीत जास्त दीडशे असं लिहिलेलं आहे. म्हणजे मला सोसण्याची ताकद त्याच्यात पहिल्यापासून होती. कुणी भरली नव्हती, एवढंच.

वहिनी पट्टी पुसत म्हणाली, "एवढंच होतं?" आणि मग घराकडे बघत, "ह्यांना नका सांगू मी धरलं होतं ते."

११ मार्च, मंगळवार

पडले.

एवढी हवा भरल्यावर आदळायचा थांबला, पण आता लाथ मारतो. दगडावरून गेले, फोर्क दबला आणि असा काही उसळला की हँडल हातातून सुटलं. कोपर सोलवटलं, गुडघा काळानिळा. बाजूच्या झुडपात पडले म्हणून बरं. काटेरी होतं, ते सोडून द्या.

दादाने पाहिलं. "सांगितलं होतं." बस्स, दोन शब्द. पण औषधाची बाटली त्यानेच आणून ठेवली, तोंड वाकडं करून. आई म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण! या वयात कशाला हवंय?"

अडतीस म्हणजे काय वय झालं? आणि कशाला हवंय ते तिला सांगून कळणार नाही. दिवसभर मी लोकांच्या नाकावर चष्मे बसवते. "जरा मान वर करा. इकडे बघा. टोचतंय का?" दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे. उतारावर पहिल्या वळणानंतर कुणाचाच चेहरा नसतो. मी, चाक आणि पुढचा दगड.

१२ मार्च, बुधवार

मिस्त्रीकडे. कोपर पाहून म्हणाला, "काय झालं?" सांगितलं. यावेळी वजनाचा व नाही काढला. फोर्क दोन्ही हातांनी दाबून सोडला — टण्ण! "अरे वा, केवढी भरलीत!" आणि फोर्कच्या पायाच्या तळाचा लाल खुंटा दाखवला. फोर्क दबल्यावर किती वेगाने परत वर यायचं ते तो ठरवतो. हवा जास्त तर खुंटा आवळायचा, म्हणजे सावकाश येतो.

"किती आवळू?"

डोकं खाजवलं त्याने. "तुमच्या वजनाचं गिऱ्हाईक मी कधी बसवलेलंच नाही, ताई. थोडा थोडा फिरवा, चालवून बघा. आणि मलाही सांगा."

मलाही सांगा! मागच्या बुधवारी हाच माणूस मला दारातून परत पाठवत होता.

१५ मार्च, शनिवार

जमलं.

आधी खुंटा फार आवळला होता. मग फोर्क दगडामागून दगड दबतच गेला, वर यायला सवडच नाही, खाली बसलेल्या गाढवासारखा. दोन घरं सैल केला. परत वर गेले. अजून एक घर. चौथ्यांदा ढकलत वर नेताना घामाने डोळे चुरचुरत होते, आणि एक पळणारा माणूस जाता जाता म्हणाला, "शाबास! असंच चालू ठेवा, कमी होईल!" त्याला म्हटलं, "कमी झालं तर सगळं पुन्हा लावावं लागेल हो!" त्याला काही कळलं नाही. मी मात्र हसत बसले.

आणि मग खाली. टाकीखालचा तोच उतार. दगड आला, फोर्क आत गेला, बाहेर आला. ठक्क नाही. लाथ नाही. पुढचा दगड. पुढचा. मुळं. खड्डा. जमीन माझ्याशी धड बोलत होती — पहिल्यांदाच! खाली पोचले आणि मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही.

१६ मार्च, रविवार

पुढच्या रविवारी दादाच्या सायकल क्लबची उतार-शर्यत आहे. सर्वांसाठी खुली, असं फलकावर लिहिलंय. नाव द्यायला गेले.

सेक्रेटरी गोड माणूस आहे. साखर पेरत बोलतो. "तुम्ही टाळ्या वाजवायला याच! चहाच्या टेबलावरही बायकांची मदत लागेल."

"शर्यतीत नाव घ्या."

"नाही म्हणजे... सुरक्षिततेचा प्रश्न आहे हो. वजनाची मर्यादा असते."

"किती?"

"ती... असते."

"कुठे लिहिलीय? दाखवा."

मागे रांग लागली होती. सगळे ऐकत होते. मीही आवाज खाली केला नाही. नियमांचा कागद त्याने दोनदा उलटासुलटा केला. हेल्मेट होतं, ब्रेक होते, वजन नव्हतं! शेवटी नाव लिहिलं, पण पेन असं दाबून की कागदच फाटला.

मी घरी पोचायच्या आधीच दादाला बातमी लागली होती. "तिथे मला लोक ओळखतात. माझी शोभा करू नकोस."

"तुझी कशी होईल? पडले तर मी पडेन."

तो उठून गेला. आई माझ्याजवळ येऊन बसली. "घर त्याचं आहे बाई. आपण त्याच्या आधाराने राहतो. थोडं ऐकावं माणसाचं."

घर त्याचं. सायकल त्याची. लाजही त्याचीच! माझं काय आहे मग? एकशे आठ किलो. ते पूर्ण माझे.

२३ मार्च, रविवार

अंगावरची धूळही न झाडता लिहायला बसलेय.

सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिले तर दोघं-तिघं बाजूला सरकले. जागा दिली म्हणावं की अंग चोरलं म्हणावं! एकजण दुसऱ्याला म्हणाला, "रस्ता खचेल रे." मला ऐकू जाईल असंच. मी वळून म्हटलं, "मग तू पुढे राहा. मी मागून आले की तुला आधी कळेल."

वरच्या सपाट भागात सगळे माझ्या पुढे गेले. जाऊ दिले. पाय जळत होते, श्वास भात्यासारखा. मग उतार सुरू झाला.

उतारावर वजन लागतं! हे कुणी सांगितलंच नव्हतं. सायकल जमिनीला धरून चालली. हलकी माणसं दगडांवर टणाटण उडत होती, ब्रेक दाबत होती, मी त्यांच्या मधून गेले. एक. मग आणखी एक. 'रस्ता खचेल'वाला शेवटच्या वळणावर भेटला. बाहेरच्या कडेने मागे टाकलं त्याला. मागून आले ते त्याला कळलं असेलच.

खालची मोठी उडी — तिथे मात्र डोळे मिटले मी. क्षणभरच. फोर्क दबत, दबत, दबत गेला आणि थांबला. आदळला नाही. खाली आल्यावर पाहिलं, रबरी कडी अगदी वरच्या टोकापाशी, पण टोकाला नाही.

एकोणीस जणांत अकरावी. दादा तिसरा. तो खालच्या वळणावर उभा होता, हेल्मेट हातात, चेहरा पांढराफटक. मला वाटलं काहीतरी बोलेल. मी पुढे गेले तेव्हा तो बाटलीचं झाकण लावत होता. लावलेलंच झाकण परत परत लावत होता.

मिस्त्री आला होता! त्याने कडी पाहिली आणि लोकांदेखत टाळी मागितली.

२४ मार्च, सोमवार

घरात कुणी काही विचारलं नाही. आईने पाठीला तेल लावून दिलं.

२७ मार्च, गुरुवार

दुकानातून आले तर अंगणात सायकल नाही.

"विकली," दादा म्हणाला. क्लबमधल्या एका बँकेतल्या माणसाला.

"मला विचारलं नाहीस."

"माझ्या नावाची होती. आणि उद्या फ्रेम मोडली, मान मोडली, तर निस्तरायचं कुणी? त्या वळणावर उभं राहून मी काय सोसलं तुला माहीत नाही."

लाज सोसली की भीती? विचारलं. तो पेल्यात पाणी ओतत राहिला. त्यालाही माहीत नसेल. मी म्हटलं, "भीती असेल तर ती तुझी. सांभाळ. माझ्या पाठीवर टाकू नकोस."

वहिनी पानं घ्यायची थांबली. आई म्हणाली, "झालं ते झालं. जेवून घ्या."

जेवले. पोटभर जेवले. उपाशी राहून कुणाला शिक्षा करण्याचे दिवस गेले.

२९ मार्च, शनिवार

बँकवाला आला. सायकल घेऊन. साठ किलोचा असेल-नसेल. दादा घरी नव्हता.

"ताई, फोर्क हलतच नाही हो. दगडासारखा आहे. हात बधिर झाले."

मी म्हटलं, "आधी थोडं वजन वाढवा, मग या."

बिचारा कसनुसा हसला. त्याचा काय दोष? पंप आणला, त्याला बसवलं, मोजलं. हवा सोडली. खूप सोडावी लागली. शेवटी तीनवर आला आणि तो खूश होऊन गेला. गल्लीच्या वळणापर्यंत पाहत राहिले. रडू येईल वाटलं होतं. राग आला. राग बरा.

३० मार्च, रविवार

खोली पाहून आले. तळमजला, दुकानाजवळ, दारातून सायकल सरळ आत येईल अशी. सायकल अजून घ्यायचीय, तो भाग वेगळा. दादाला सांगितलं. "ठीक" म्हणाला.

मग आईला सांगायला स्वयंपाकघरात गेले. ती भाजी निवडत होती. निवडत राहिली. मग म्हणाली, "एक खोली? आणि मी कुठे झोपू? दोन खोल्यांची बघ."